सांडपाण्याच्या आधीचा प्रश्न

मुळशी तालुक्यातल्या उरवडे गावाची नोंद रसायन उद्योगाने दोन कारणांसाठी ठेवायला हवी. पिरंगुटजवळच्या या गावात ‘प्राज इंडस्ट्रीज’चं ‘प्राज मॅट्रिक्स’ हे संशोधन केंद्र आहे. उसाची मळी, धान्य, पिकांचा काडीकचरा यांतून इंधन आणि रसायनं कशी काढायची, यावर तिथे काम चालतं. हरित रसायनशास्त्राची भारतातली उदाहरणं सांगताना अशा केंद्रांची नावं पुढे येतात आणि ती यावीतही. त्याच उरवड्यात ७ जून २०२१ रोजी दुपारी एका कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार गेले. त्यांत १५ बायका होत्या. हा कारखाना बनवत होता पाणी शुद्ध करण्याची, क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादनं. तयार मालाकडे पाहून वर्गवारी करायची तर गावातली ही दोन्ही ठिकाणं पर्यावरणाच्याच बाजूची ठरतात. ती वर्गवारी किती तोकडी आहे, हे त्या एका दुपारने दाखवून दिलं. रसायनाचा हिरवेपणा मालाच्या नावावरून ठरत नाही. तो माल कशातून, किती टप्प्यांत आणि काय काय जवळ बाळगून केला, यावरून तो ठरतो. आपला कायदा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखानदार आणि बऱ्याचदा आंदोलकही नेमकी तेवढीच जागा सोडून बाकी सगळीकडे बघतात, असं माझं म्हणणं आहे.

हरित रसायनशास्त्राचा जन्मच मुळी नजर दुसरीकडे वळवण्यासाठी झाला. अमेरिकेत १९९० साली प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा झाला. तोवर प्रदूषणाचे कायदे धुराड्याच्या आणि सांडपाण्याच्या तोंडाशी उभे राहून मोजमाप करत होते. या कायद्याने घाण मुळात होऊच न देण्याचं धोरण मांडलं. १९९८ साली पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी या शास्त्राची बारा तत्त्वं लिहून काढली. त्यातलं पहिलं तत्त्व कचरा टाळण्याचं आहे आणि बारावं अपघात टाळण्याचं. मधल्या दहांत कमी विषारी कच्चा माल, निरुपद्रवी द्रावकं, उत्प्रेरकांचा वापर, शेतीतून येणारा कच्चा माल, वापरानंतर विघटन होणारे पदार्थ वगैरे गोष्टी येतात. व्याख्यानांत ही बारा तत्त्वं स्तोत्रासारखी म्हटली जातात, पण माझ्या मते त्यांच्या आधी आलेल्या दोन साध्या मोजपट्ट्या जास्त कामाच्या आहेत. १९९१ साली बॅरी ट्रॉस्ट यांनी विचारलं, की अभिक्रियेत घातलेल्या अणूंपैकी किती अणू शेवटी मालात उतरतात? पुढच्याच वर्षी रॉजर शेल्डन यांनी त्याहून रोखठोक प्रश्न केला: एक किलो मालामागे किती किलो कचरा होतो? त्यांनी काढलेलं उत्तर आजही रसायन अभियंत्यांना अवघडून टाकतं. तेलशुद्धीकरणात हा आकडा ०.१ च्याही खाली असतो. घाऊक रसायनांत तो एक ते पाच, विशेष रसायनांत पाच ते पन्नास आणि औषधांत पंचवीस ते शंभर किंवा त्याहून जास्त निघतो. सर्वांत बदनाम तेल कंपन्या या यादीत तळाला आणि आजार बरे करणारी औषधं सर्वांत वर! एकूण टनांत मोजलं तर तेलाचा पसारा अर्थातच प्रचंड आहे, जाळल्यावर होणारा धूर वेगळाच. पण किलोमागे किलो हा हिशेब मांडला, की कोणत्या पाकृतीत सुधारणेला सर्वाधिक वाव आहे ते लगेच कळतं.

हा कचरा येतो कुठून, हे एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यातली बॅच पाहिली की समजतं. रिॲक्टरमध्ये आधी टोल्यूनसारखं द्रावक घेतात, मग कच्चा माल चार्ज करतात. अभिक्रिया घडवण्यासाठी आम्ल किंवा एखादा क्षार मापाने घालतात, आणि काम झालं की ते आम्ल मारायला तितकाच अल्कली. पदार्थ खाली बसला की तो सेंट्रिफ्यूजमध्ये गाळतात, धुतात, पुन्हा धुतात आणि सुकवतात. मागे राहतं ते ‘एमएल’, म्हणजे मदर लिकर. त्यात उरलेला माल असतो, नको असलेले पदार्थ असतात, मीठ असतं आणि द्रावक असतं. असे चार-सहा टप्पे एकापुढे एक लावले, की शेवटच्या ड्रममधल्या पांढऱ्या भुकटीपेक्षा वाटेत सोडलेला माल कितीतरी पटींनी भरतो. अतिशयोक्ती वाटत असेल त्याने सर्वोच्च न्यायालयाचा राजस्थानातल्या बिछडी गावाबाबतचा १९९६ चा निकाल पाहावा. तिथे रंगउद्योगाला लागणारं ‘एच ॲसिड’ सुमारे ३७५ टन तयार झालं. मागे राहिला लोह आणि जिप्समचा २४४० टन गाळ, शिवाय ८२५० घनमीटर विषारी पाणी. किलोमागे साडेसहा किलो गाळ झाला, तोही पाणी हिशेबात न धरता. त्या गावच्या विहिरी नासल्या, आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्या न्यायव्यवस्थेत ठळकपणे मांडलं गेलं. पण या निकालाची चर्चा झाली ती दंडाची आणि सफाईची. त्या गाळात लोखंड का होतं, असं फारसं कोणी विचारलं नाही. नायट्रो गटाचं रूपांतर अमिनो गटात करायला लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरण्याची एकोणिसाव्या शतकातली पद्धत तिथे चालू होती, म्हणून. हेच काम उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजनने केलं तर लोखंडाचा गाळ होतच नाही, मागे पाणी उरतं. बिछडीचा तो गाळ सगळाच टळला असता असं नव्हे, पण त्यातला लोखंडाचा वाटा पाकृतीतच लिहिलेला होता, हे खरं.

पाकृती बदलल्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आयब्युप्रोफेनचं. बूट्स या ब्रिटिश कंपनीची मूळ पद्धत सहा टप्प्यांची होती आणि घातलेल्या वस्तुमानापैकी सुमारे ४० टक्केच औषधात उतरत असे. १९९२ साली टेक्सासमध्ये बीएचसी कंपनीने तेच औषध तीन टप्प्यांत करायला घेतलं. त्यात हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेलं, आणि सोबत निघणारं ॲसेटिक ॲसिड परत मिळवून वापरलं तर ९९ टक्क्यांपर्यंत. पाठ्यपुस्तकं इथे थांबतात. ती सहसा सांगत नाहीत ते असं, की जुन्या पद्धतीतल्या ॲल्युमिनियम क्लोराइडच्या जागी नव्या पद्धतीत हायड्रोजन फ्लोराइड आलं. ते जवळजवळ पूर्णपणे परत मिळतं, म्हणून कचरा नाही; पण कातडीतून हाडापर्यंत जाणारं ते आम्ल टाकीतून सुटलं तर काय होईल याचा विचार कारखान्याला रोज करावा लागतो. पहिलं तत्त्व पाळताना बारावं तत्त्व ताणलं गेलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, म्हणजे एनसीएलची, वाट या बाबतीत जास्त समंजस वाटते. ऐंशीच्या दशकात पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एन्सिलाइट’ हे झिओलाइट उत्प्रेरक तयार केले. सूक्ष्म छिद्रांची ही घन पूड आम्लाचं काम करते, पण वाहत नाही, गंजवत नाही आणि अभिक्रिया संपल्यावर तिला मारायला अल्कली लागत नाही. वडोदऱ्याच्या आयपीसीएलमध्ये हे उत्प्रेरक झायलीनसाठी वापरले गेले. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान पॉलिमर्समध्ये त्यांच्या मदतीने अल्कोहोल आणि बेन्झिनपासून एथिलबेन्झिन करण्यात आलं. भारतीय हरित रसायनशास्त्राचा हा खरा आद्य अध्याय, आणि तो अनास्टस-वॉर्नरच्या पुस्तकाआधीचा आहे. मात्र त्यालाही एक कडवट पुरवणी जोडावी लागते. हिंदुस्तान पॉलिमर्सचं पुढे एलजी पॉलिमर्स झालं आणि ७ मे २०२० च्या पहाटे तिथल्या टाकीत साठवलेल्या स्टायरीनची वाफ वस्तीत शिरून १२ माणसं दगावली. त्या अपघाताशी एनसीएलच्या उत्प्रेरकाचा काही संबंध नव्हता. एका टप्प्यावरची चांगली पाकृती पुढच्या टाकीची हमी देत नाही, एवढंच त्यातून घ्यायचं.

आता मुळशीत बनलेल्या प्राजच्या तंत्रज्ञानाला हीच मोजपट्टी लावून पाहू. इथेनॉलचं शेतीतून येणारं मूळ हा त्याचा मोठा गुण. पण आंबवण्याच्या क्रियेत १८० किलो ग्लुकोजमधून फार तर ९२ किलो अल्कोहोल मिळतं, बाकीचे ८८ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. हा वायू उसानेच हवेतून घेतलेला असल्यामुळे त्याचा फार बाऊ करू नये. बाऊ करायचा तो पाण्याचा. अल्कोहोल दहा टक्क्यांच्या आसपास पोहोचलं की सामान्य यीस्टला ते सोसवत नाही. म्हणजे ऊर्ध्वपातनानंतर नव्वद टक्के द्रव मागे राहतो. मळीपासून एक लिटर अल्कोहोल करताना आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश तयार होतो, गडद तपकिरी आणि घरगुती सांडपाण्याच्या शंभर-दोनशे पट ऑक्सिजन खाणारा. मळीमिश्रित पाणी नदीत सोडलं आणि मासे मेले, ही बातमी पश्चिम महाराष्ट्रातला वाचक लहानपणापासून वाचत आला आहे. त्यावर आधी बायोगॅस, मग कंपोस्ट आणि आता स्पेंट वॉश आटवून बॉयलरमध्ये जाळणं असे उपाय आले. त्यांची सक्ती झाली हेही चांगलंच. पण खरी हरित सुधारणा कुठे असते? आंबवणीत कमी पाणी वापरणाऱ्या, तोच स्पेंट वॉश काही प्रमाणात फिरवून घेणाऱ्या, जास्त अल्कोहोल सोसणाऱ्या यीस्टमध्ये. म्हणजे पुन्हा पाकृतीत. दुसऱ्या पिढीच्या इथेनॉलचंही तसंच. हरियाणातल्या पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल हे त्याचं उद्दिष्ट, आणि तंत्रज्ञान प्राजचं. तिकडे पराली शेतात पेटवतात आणि दिल्ली गुदमरते, म्हणून त्या पेंढ्याला तिथे ‘कचरा’ म्हणण्यात अर्थ आहे. मुळशी स्वतः भाताचा तालुका. इथला पेंढा गुरांच्या पुढ्यात जातो. तोच पेंढा इथल्या शेतकऱ्याकडून उचलून कोणी इथेनॉल करू लागलं, तर कच्चा माल नूतनीकरणक्षम असूनही गोठ्यात चाऱ्याचा प्रश्न उभा राहील. जेजुरीला ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्राजच्या जैवप्लॅस्टिकच्या प्रात्यक्षिक प्रकल्पाबद्दलही असंच भान ठेवावं. पीएलए हे तिथलं जैवप्लॅस्टिक साखरेपासून होतं, तेलापासून नाही, ही बाजू भक्कम आहे. पण ते कुजायला औद्योगिक कंपोस्टची साठ अंशांच्या घरातली उष्णता लागते. ताम्हिणीच्या रस्त्याकडेला फेकलेला पीएलएचा पेला पुढच्या पावसाळ्यातही तिथेच असेल. यातली कुठलीही गोष्ट या तंत्रज्ञानाच्या विरोधात जात नाही. ती त्याची जागा ठरवते.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर मुळशीचं पाणी कुठे जातं तेही पाहणं अगत्याचं आहे. टाटांच्या मुळशी धरणाला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून मावळ्यांनी सत्याग्रहाने विरोध केला. पुढे धरण झालं आणि १९२७ साली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. कोळसा न जाळता मिळालेली वीज म्हणून ती आजही स्वच्छ ऊर्जेच्या खात्यात मोडते. त्या स्वच्छतेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्याने विचारला होता. सह्याद्रीवरून खाली उतरलेलं हे पाणी भिऱ्याहून कुंडलिका नदीत पडतं. कोलाडला पर्यटक रबरी होड्यांतून ज्या खळाळत्या पाण्यावर जातात, ते वीजघरातून सुटलेलं हेच पाणी. पुढे रोह्याजवळ धाटावची रसायन वसाहत आहे, तीही याच नदीच्या आधाराने वाढली. बारमाही वाहणारी नदी पाहून तिच्या काठी रसायन उद्योग वसवायचे आणि घाण पाण्यात विरून जाईल असं मानायचं, ही आपल्या औद्योगिक धोरणाची जुनी सवय. महाड, लोटे, तारापूर, डोंबिवली ही नावं घेतली तरी पुरे. नद्यांना ते झेपलं नाही, तेव्हा सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आली. ती जैविक पद्धतीने चालतात. त्यांतले जिवाणू साखर, स्टार्च, साधी आम्लं खातात. पण क्लोरीन लागलेलं बेन्झिनचं कडं आणि मिठाने भरलेलं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. मग एक थेंबही बाहेर न सोडण्याचा नियम आला. म्हणजे पाणी वाफेवर आटवायचं, त्या वाफेसाठी बॉयलरमध्ये कोळसा किंवा ब्रिकेट जाळायचे आणि उरलेलं मीठ पिशव्यांत भरून रांजणगावच्या किंवा तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पुरायला पाठवायचं. पाण्यातली घाण आधी हवेत आणि मग जमिनीत गेली. नदीच्या दृष्टीने हे निश्चित बरं झालं, त्यामुळे या केंद्रांना नावं ठेवण्यात हशील नाही. पण जे मीठ मुळात आम्ल आणि अल्कली एकमेकांत मारल्यामुळे झालं, ते होऊच न देणारी पाकृती कोणी शोधली तर तिला या सगळ्या खटाटोपाचे पैसे वाचवता आले पाहिजेत. आज ते पूर्णपणे वाचत नाहीत, कारण पुरण्याची किंमत खऱ्या किमतीपेक्षा स्वस्त आहे.

अपघातांकडे वळलं की हा मुद्दा जास्त टोचतो. उरवड्याच्या कारखान्यातल्या मालाचंच घ्या. गावागावांत जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, म्हणजे क्लोरीन. स्वस्त आणि खात्रीचं. पण पाण्यात पालापाचोळ्याचा अंश असेल तर क्लोरीनपासून ट्रायहॅलोमिथेन वर्गातले घातक पदार्थ तयार होतात. क्लोरीन डायऑक्साइडने ते जवळजवळ होत नाहीत, शिवाय काही चिवट जंतूंवर त्याचा प्रभाव जास्त. वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे पुढचं पाऊल आहे. फक्त हा वायू दाबून साठवता येत नाही. हवेत त्याचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं की तो फुटतो. म्हणून तो जागेवरच तयार करायचा असतो, आणि त्यासाठी सोडियम क्लोराइटसारखे क्षार आणि आम्ल एकत्र येतील अशा गोळ्या किंवा पुड्या बनवाव्या लागतात. हे क्षार तीव्र ऑक्सिडीकारक असतात. कागद, प्लॅस्टिक, तेल, लाकूड यांच्या सान्निध्यात आग लागली तर आगीला लागणारा ऑक्सिजन तेच पुरवतात. उरवड्यातल्या आगीचं नेमकं कारण ठरवणं चौकशीचं काम. पण ज्या वस्तूच्या पॅकिंगमध्ये प्लॅस्टिक आणि ऑक्सिडीकारक एकाच छताखाली येतात, तिथे बाहेर पडायचे दरवाजे, साठ्याची मर्यादा आणि दोन गोष्टींमधलं अंतर हा रसायनशास्त्राचा भाग आहे, केवळ इमारतीचा नाही. ब्रिटिश अभियंते ट्रेवर क्लेट्झ यांनी १९७४ च्या फ्लिक्सबरो स्फोटानंतर, ज्यात २८ माणसं गेली, हेच मांडलं होतं: धोकादायक माल सांभाळण्याची हुशारी दाखवण्यापेक्षा तो कारखान्यात नसलेलाच बरा. भोपाळने दहा वर्षांनी ते सिद्ध केलं. तिथल्या टाकीत सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट होतं, आणि ते विक्रीचा माल नव्हतं, मधल्या टप्प्यावरचा पदार्थ होतं. नॅफ्थॉल, फॉस्जिन आणि मिथाइल अमाइन हे तेच तीन घटक उलट क्रमाने एकमेकांत घातले असते तर कीटकनाशक तेच मिळालं असतं आणि मिथाइल आयसोसायनेट वाटेत आलंच नसतं. फॉस्जिनचा धोका राहिला असता, हे खरं. पण साठवणुकीची ती टाकी नसती. पाषाणला एनसीएलमध्ये अमोल कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ज्या अखंड-प्रवाही रिॲक्टरांवर काम करतात, त्यांचं महत्त्व इथे लक्षात येतं. हजारो लिटरची बॅच एकदम तापवण्याऐवजी बारीक नळीतून अभिक्रिया सतत वाहती ठेवली तर कोणत्याही क्षणी धोक्यात असलेला माल काही लिटरांपुरताच राहतो, आणि उष्णता काढून घेणं सोपं जातं. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन स्फोट ज्या डोंबिवलीने आठ वर्षांच्या आत पाहिले, तिला हे वेगळं समजावून सांगायला नको.

यावर लघुउद्योजक म्हणेल की हे सगळं मोठ्यांचे चोचले आहेत. पिरंगुटच्या गाळ्यात दोन रिॲक्टर टाकून बसलेल्या माणसाने झिओलाइट शोधायचा कधी आणि सूक्ष्म रिॲक्टर घ्यायचा कशातून? हा आक्षेप निम्मा खरा आहे. उत्प्रेरक विकसित करायला वर्षं लागतात, आणि तो निकामी झाला तर बॅच वाया जाते. पण हरित रसायनाचा बराचसा भाग एवढा महाग नाही. द्रावक परत मिळवण्याची टक्केवारी वाढवणं, धुण्याचं पाणी उलट क्रमाने फिरवणं, दोन टप्प्यांमधला पदार्थ सुकवून काढण्याऐवजी त्याच भांड्यात पुढचा टप्पा करणं, यांत पैसा जाण्यापेक्षा वाचतो जास्त. जे खरोखर महाग आहे ते एकट्याने करायचं कामच नव्हे. सामायिक सांडपाणी केंद्राला सरकारी अनुदान मिळतं, तर मग वसाहतीसाठी सामायिक हायड्रोजनेशन किंवा सामायिक प्रवाही रिॲक्टर का नको? औषधांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. मुळशीतल्याच नांदे गावात ल्युपिन कंपनीचं संशोधन केंद्र आहे. अशा कुठल्याही केंद्रात एखाद्या औषधाची पाकृती ठरली आणि ती देशोदेशींच्या औषध नियामकांकडे नोंदवली गेली, की पुढे टप्पा बदलायचा म्हणजे अशुद्धींचा अभ्यास नव्याने, कागदपत्रं नव्याने आणि मंजुरीची वाटही नव्याने पाहायची. पाकृती सुधारण्याची संधी म्हणून पहिल्या काही वर्षांतच असते. नंतर ती गोठते. नियामकांना शुद्धतेची काळजी आहे हे योग्यच, पण पर्यावरण सुधारणाऱ्या बदलांसाठी छोटी वाट त्यांनी ठेवली तर शुद्धतेचं काही बिघडत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत ऐकू येतो, की कामगार मेले तो कारखाना निरीक्षकाचा विषय, रसायनशास्त्राला त्यात ओढू नये. निरीक्षक जातो तेव्हा पाकृती ठरलेली असते. दरवाजा रुंद आहे का, एवढंच तो पाहू शकतो.

शास्त्राच्या स्वतःच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. ओझोन वाचवण्यासाठी सीएफसी काढले, त्यांच्या जागी एचएफसी आले आणि ते तापमान वाढवणारे निघाले. २०१६ साली किगालीत ओझोन करारात दुरुस्ती करावी लागली. बाटल्यांतून बिस्फेनॉल ए गेलं आणि त्याचंच भावंड बिस्फेनॉल एस आलं. पर्याय निवडताना त्याच्याबद्दल माहिती कमी आहे एवढ्यावरून तो निर्धोक मानला जातो. जर्मनीने १९९४ साली काही ॲझो रंगांवर बंदी घातली तेव्हा मात्र उलट घडलं. निर्यात अडू लागल्यावर भारतातल्या रंगउत्पादकांनी पर्याय शोधले आणि १९९७ पर्यंत आपल्याकडेही ११२ रंग बंद झाले. दडपण आलं ते ग्राहकाकडून, परदेशातून आणि नेमक्या रेणूंची यादी घेऊन. मोघम आवाहनांनी ते झालं नसतं.

आता नेमकेपणा कुठून आणायचा? त्यासाठी नवा कायदा लागतो असं मला वाटत नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांतल्या चौदाव्या नियमानुसार संमतीपत्र घेतलेल्या प्रत्येक कारखान्याला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत ‘फॉर्म पाच’, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र, मंडळाला द्यावं लागतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनची ही तरतूद आहे. त्या फॉर्मच्या दुसऱ्या भागात कारखान्याने उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे किती पाणी आणि किती कच्चा माल वापरला ते लिहायचं असतं, गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी या वर्षीचा आकडा. पुढच्या भागांत सांडपाणी, घातक कचरा, घनकचरा. शेल्डन यांचा आकडा काढायला याहून जास्त माहिती लागत नाही! गुपितं फुटतील म्हणून कारखानदार ओरडतील, तर त्याचीही सोय फॉर्ममध्येच आहे: करारामुळे कच्च्या मालाचं नाव सांगता येत नसेल तर सांकेतिक नाव लिहायची मुभा आहे. नाव झाकलं तरी किलो झाकले जात नाहीत. अडतं ते एवढ्यावरच, की हे फॉर्म तपासणीचं साधन होण्याऐवजी फाइलचा भाग होतात. सल्लागार गेल्या वर्षीचे आकडे थोडे इकडेतिकडे करून ते भरतो आणि सही करून पाठवतो. मंडळाने वसाहतवार आणि उत्पादनवार हे आकडे एकत्र छापले, तर एकच मध्यवर्ती रसायन करणारे दहा कारखाने एका ओळीत दिसतील. त्यातला कोण किलोमागे चार किलो सोडतो आणि कोण चौदा, ते ग्राहकाला, बँकेला आणि शेजारच्या ग्रामपंचायतीला कळेल. संमतीची मुदत आणि शुल्क त्या आकड्याशी जोडता येतील. उरवड्यासारख्या आगीचा धोका मात्र या फॉर्ममध्ये दिसत नाही, कारण साठवलेला माल हा कचरा नसतो. ती नोंद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते, आणि १९८९ च्या घातक रसायन नियमांखाली सुरक्षा अहवालाचं बंधन साठा ठराविक मर्यादेच्या वर गेला तरच लागू होतं. छोट्या गाळ्यांतला साठा बहुतेक वेळा त्या रेषेच्या खालीच राहतो. तेव्हा फॉर्म पाचमध्ये एक रकाना वाढवावा लागेल: वर्षभरात कोणत्याही एका दिवशी जागेवर असलेला ज्वलनशील, विषारी आणि ऑक्सिडीकारक मालाचा सर्वाधिक साठा, आणि त्या इमारतीत त्या वेळी काम करणाऱ्या माणसांची संख्या. मंडळ आणि संचालनालय या दोघांच्या फाइली अशा एका कागदावर येतील, आणि तो कागद कारखाना उभा राहिल्यावर दरवर्षी मागण्याआधी स्थापनेची संमती देतानाच मागायला हवा, कारण पाकृती तोवर कागदावरच असते आणि बदलायला स्वस्त असते.